वेशीपासून पारापर्यंत

लातुरात मी खोली शोधत फिरत होते तेव्हा प्रत्येक घरमालकाने आधी माझं आडनाव विचारलं. ते तीन-चार जातींत सापडतं, त्यामुळे पुढचा प्रश्नही ठरलेला असायचा, "म्हणजे कोणत्यांपैकी?" मी फिजिक्स शिकवणाऱ्यांपैकी, असं उत्तर दिलं की ते समजूतदारपणे हसायचे आणि तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारायचे. अशाच एका दुपारी एका गल्लीत एक वयस्क गृहस्थ दारात स्टूल टाकून सायकलची चेन पुसताना दिसले. फाटकावर 'खोली देणे आहे' अशी पाटी होती. माझ्या गळ्यात कोचिंग क्लासचं ओळखपत्र लोंबत होतं. त्यावर एक नजर टाकून त्यांनी विचारलं,

"सायकल येती का, मॅडम?"

मी म्हटलं, येते.

"रविवारी मोकळ्या असताव?"

"असते."

"खोली वर हाय. किल्ली काकूकडं."

एवढ्यावर आमचा व्यवहार झाला. रविवारचं कशासाठी विचारलं ते मला सामान लावून झाल्यावर कळलं. काकांना, म्हणजे या घरमालकांना, दर रविवारी सायकल घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडायचं असायचं, आणि एकट्याने जायला काकूंची बंदी होती. आधीचे दोन भाडेकरू या अटीपायीच खोली सोडून गेले होते. माझं आडनाव मात्र मी तिथे राहिले तोवर त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि नुसत्या त्या एका गोष्टीसाठी मी आणखी बरीच वर्षं पायडल मारत राहिले असते.

काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी नोकरी अंगातून उतरली नव्हती. घराबाहेर पडताना ते दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक करत. आतून काकू म्हणत, "सुटली गाडी." परत आले की एकदाच टकटक. सोफ्यावर बसताना "सरका जरा, आत सरका," असं म्हटल्याशिवाय त्यांना बसताच येत नसे, मग सोफ्यावर मांजर असो, पाहुणे असोत की कोणीच नसो. एकदा त्यांचे व्याही पुण्याहून आले होते. त्यांनाही काका तेच म्हणाले आणि व्याही, ते एका मोठ्या कंपनीत साहेब होते, निमूटपणे आत सरकले. गॅसचं सिलिंडर, नळाचं पाणी, मुलाचा फोन, ज्याची म्हणून वाट बघावी लागे त्याबद्दल काकांचं उत्तर एकच असे, "पुढच्या गाडीनं येईल." हल्ली ते पुण्यात मुलाकडे असतात. सोसायटीच्या लिफ्टमध्येही लोकांना आत सरका म्हणतात, असं काकू मला फोनवर सांगतात. लोक सरकतात का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "सरकत्यात की. आवाजच तसा हाय."

आमच्या भागात नव्या माणसाशी बोलणं सुरू होतं ते गावापासून. गाव कोणतं, हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप कळतं, किंवा कळून घेता येतं. काकांना कोणी गाव विचारलं की ते सांगत, "लातूर डेपो." समोरचा म्हणे, तसं नव्हे, मूळ गाव. त्यावर काका म्हणत, "हजेरी तिथं, पगार तिथं, जेवणाचा डबा तिथं. अजून काय लागतंय गावाला?" मला हे उत्तर फार आवडायचं. यात विनोदापेक्षा जास्त काही असेल अशी शंका मला बराच काळ आली नाही.

सायकलीचं खूळ मात्र नोकरीतूनच निघालं होतं. लातूरहून लोह्याकडे किंवा मुखेडकडे जाणाऱ्या एसटीला बरीचशी गावं दिसत नाहीत, तिला दिसतात ते फाटे. पत्र्याचं शेड, चहाची टपरी, वाकलेली पाटी आणि तिच्या बाणाकडे बघत आत गेलेला अरुंद रस्ता. गाव तिथून कुठेतरी दोन-चार किलोमीटर आत असतं. माणसं उतरतात, गाठोडी डोक्यावर घेतात आणि चालू लागतात. कंडक्टर डबल बेल मारतो. काकांनी या रस्त्यांवरच्या झाडून सगळ्या फाट्यांची नावं नोकरीभर ओरडली होती आणि, ते सांगत त्याप्रमाणे, आतलं एकही गाव पाहिलेलं नव्हतं. "माणसं उतरवली," ते म्हणायचे, "पर गेली कुठं ते बघितलं न्हाई. तिकिटातून मान वर काढाय सवड कुठं होती?" निवृत्तीनंतर त्यांनी काळी, उंच, दांडीची सायकल घेतली ती एवढ्यासाठीच. एकेक फाटा धरायचा आणि आत जायचं.

पद्धत अशी होती. रविवारी सकाळच्या गाडीच्या टपावर दोन्ही सायकली चढवायच्या. बहुतेक ड्रायव्हर काकांबरोबर ड्यूटी केलेले, त्यामुळे कोणी हरकत घेत नसे. ठरल्या फाट्यावर उतरायचं, टपरीवर चहा प्यायचा, काका घंटी दोनदा वाजवणार आणि मग आत. थांबायचं असलं की एक घंटी. पुढे ते, मागे मी, माझ्या सेकंडहँड लेडीज सायकलवर. बोलणं फारसं नसे. वेग इतका कमी, की कित्येकदा शेळ्या आम्हाला मागे टाकून जात.

मी मूळची नांदेडची. हे सगळे रस्ते मी शंभरदा तरी बसमधून पाहिलेले, आणि तिथे बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. सायकलवरून ते वेगळे निघाले. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, कडेने पिवळ्या फुलांवर आलेली तूर, मध्येच करडईचा काटेरी तुकडा, पोटरीत आलेली ज्वारी. डांबर उखडलेलं असलं तरी दोन्ही बाजूंच्या बाभळी वर एकमेकींत शिरलेल्या असत, आणि सकाळच्या वेळी त्या रस्त्यावर इतकी शांतता असे की आपल्याच चेनचा आवाज कानाला लागे. लोह्याकडच्या एका फाट्याच्या आत रस्ता तलावाच्या बांधावरूनच जातो. तिथे काकांनी एक घंटी मारली, पुलाच्या कठड्यावर बसले, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली आणि म्हणाले, "खिडकीची सीट." आवडलेल्या जागेला ते तेवढंच म्हणत. याहून मोठं कौतुक त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

त्याच कठड्यावर बसून त्यांनी मला एका बाईबद्दल सांगितलं. ती दर बाजाराच्या दिवशी या फाट्यावर कोंबड्या घेऊन चढायची, आणि चढायला हमखास वेळ लावायची. काका मागे वळून फाट्याकडे बघत राहिले. फाटा इथून दिसत नव्हता.

"एवढं चालून यायची ती," ते म्हणाले. "आन मी वरून म्हणायचो, आटपा, टाइम झाला."

बाकीची भाकरी त्यांनी खाल्ली नाही. बांधून ठेवली आणि परतताना एका कुत्र्याला घातली.

गावांत आमचं स्वागत कसं होई ते सांगायला हवं. खेड्यात कोणी उगाच येत नाही. शहरी कपड्यांतला माणूस आला म्हणजे तो मुलगी बघायला आलाय, लस टोचायला आलाय, मतं मागायला आलाय किंवा काहीतरी मोजायला आलाय. त्यामुळे पारावर टेकलं की पहिला प्रश्न यायचा, "कोणाकडं आलाव?"

"कोणाकडंच न्हाई," काका सांगत. "रस्ता बघाय आलो."

मग कोणीतरी माझ्याकडे बोट करून विचारे, "आन ही? सून का?"

"भाडेकरू."

भाडेकरूला घेऊन रस्ता बघायला आलेला घरमालक कोणाच्याच हिशेबात बसत नसे. मग गावातला एखादा शहाणा माणूस ते कोडं सोडवून टाकी. हे रस्त्याचे साहेब, आणि मी त्यांची मोजमापाची मॅडम. झालं. खड्डे, वाहून गेलेला पूल, निवडणुकीआधी टाकलेली आणि नंतर चोरीला गेलेली खडी, सगळी गाऱ्हाणी आमच्यापुढे येत. काका खोटं बोलत नसत, पण लोकांचा हिरमोडही करत नसत. तिकीट न मिळालेल्या प्रवाशाचं ऐकून घ्यावं तसं सगळं शांतपणे ऐकत आणि शेवटी म्हणत, "येईल. पुढच्या गाडीनं येईल." लोकांना यातून बरंच आश्वासन मिळाल्यासारखं दिसे.

आता त्यांच्या एका हट्टाविषयी. गावाची वेस आली की काका सायकलवरून उतरत नसत. वेशीतून थेट पारापर्यंत सायकल चालवतच न्यायची, जमिनीला पाय टेकवायचा नाही, आणि उतरायचं ते पारापाशीच. बाहेरच्या रस्त्यावर चढ आला की ते खुशाल उतरून चालत. गावात मात्र नाही. बोळ अरुंद असो, गटार फुटलेलं असो, समोरून बैलगाडी येवो, ते हँडल डावी-उजवीकडे वळवत जागच्या जागी तोल सांभाळत राहत, पण उतरत नसत. मला हा म्हातारपणचा तोरा वाटायचा. लोक बघतायत म्हणून कसरत.

एका गावात बाजाराचा दिवस होता आणि गल्लीत शेळ्यांचा कळप अडकला होता. मी केव्हाच उतरून सायकल हातात धरली होती. काका कळपाच्या मध्यावर उभ्यानेच पायडलवर डुलत राहिले, डुलत राहिले, आणि शेवटी सायकलसकट कडेच्या कडब्याच्या गंजीत आडवे झाले. बाजार लोटपोट हसला. काका उठले, शर्टावरचा कडबा झटकला, तिथेच पुन्हा सायकलवर बसले आणि पारापर्यंत चालवत गेले. नंतर रस्त्यावर मी म्हटलं, "पाय टेकवला असता तर काय बिघडलं असतं?"

"ड्रायव्हर गाडी सोडून मधीच उतरतो का?"

"पण तुम्ही तर कंडक्टर होतात."

ते पायडल मारत पुढे निघून गेले. फाट्यापर्यंत त्यांनी घंटीही वाजवली नाही.

त्या हिवाळ्यात त्यांचा गुडघा सुजू लागला. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली. पुण्याहून मुलगा आला आणि संक्रांतीनंतर दोघांनाही घेऊन जायचं ठरवून गेला. मुलगा भला होता, त्याचंही बरोबर होतं. काकांनी वाद घातला नाही. मला फक्त म्हणाले, "एक फाटा राहिलाय." तो मुखेडच्या अलीकडे होता. मी म्हटलं, मग जाऊ या रविवारी.

आम्ही निघालो. तो फाटा आला, कंडक्टरने नाव पुकारलं, एक बाई आणि दोन पोती उतरली, आणि काका खिडकीतून पलीकडच्या बाजूला बघत बसून राहिले. गाडी सुटली. तिकीट त्या फाट्याचंच होतं. पुढचं तिकीट काढून आम्ही मुखेडला उतरलो, स्टँडसमोर भजी खाल्ली आणि दुपारच्या गाडीने परत आलो. सायकली टपावरून फुकट फिरून आल्या. मी विचारलं तर म्हणाले, "डोळा लागला." त्यांचे डोळे उघडे होते ते मी पाहिलं होतं.

पुढच्या रविवारी अगदी तेच झालं. भजीसुद्धा त्याच गाड्यावरची.

त्या संध्याकाळी मी काकूंना विचारलं. काकू अंगणवाडीत नोकरी केलेल्या, बोलायला मोकळ्या. हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीपुढचं फूल बदलत होत्या. काका गच्चीवर होते, तरी त्यांनी आवाज खाली घेतला.

"ते यांचं गाव हाय," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, की या माणसाने आयुष्यभर स्वतःच्याच गावाच्या फाट्याचं नाव ओरडून दुसऱ्यांना तिथे उतरवलं होतं.

"सासऱ्यांनी सायकल घेतली होती," काकू सांगू लागल्या. "मुखेडला कामाला जायचे ना. आपल्या माणसानं पारापुढून सायकलवर बसून जायचं न्हाई, अशी रीत होती गावात. वेशीपाशी उतरायचं, हातात धरून न्यायची, पार मागं पडला की मग बसायचं. सासरे रोज तसंच करायचे. यांना पुढं दांडीवर बसवून आणायचे, आन वेस आली की म्हणायचे, उतर."

"मग?"

"एक दिवस हे उतरले न्हाईत. सासरे उतरले, हे दांडीवर बसूनच राहिले. लेकराची जात, आवडत असंल बसाय. त्यांनी तसंच ढकलत नेलं. पारावर माणसं होती. तवा कोणी काई बोललं न्हाई." काकूंनी जुनं फूल पदराच्या टोकात बांधलं. "सकाळी सायकल आमच्या वस्तीच्या आडात. पाण्याचा आड तो, तेवढाच होता आमच्या लोकांला. कोणी टाकली ते समद्यांना माहीत, नाव कोणी घेतलं न्हाई. त्या उन्हाळ्यात समदे लातूरला आले. सासरे दाल मिलमधी पोती उचलाय लागले. पुन्हा सायकलला हात लावला न्हाई त्यांनी."

"आणि काकांना काही बोलले?"

"एका शब्दानं न्हाई. मरेपर्यंत न्हाई. तेच लागलंय की यांना. बोलले असते तर मोकळे झाले असते." मग म्हणाल्या, "एवढं एक गाव बघितल्याबिगर पुण्यात जीव रमायचा न्हाई यांचा. जाताव म्हणत्यात आन जात न्हाईत. आता एकच रविवार हाय."

मला राग आला. ज्यांच्यावर यायला हवा ती माणसं माझ्या ओळखीची नव्हती, बहुतेक जिवंतही नसतील. त्या रागाचं काय करावं ते न कळून मी काकूंची सगळी भांडी घासून टाकली. त्यांनी घासू दिली.

वेशीपासून पारापर्यंत पाय का टेकवायचा नाही ते आता मला कळलं होतं. इतक्या गावांच्या वेशींतून तो माणूस बसून आत गेला होता. फक्त जिथून उतरून जावं लागलं होतं ती वेस तेवढी बाकी होती.

शेवटच्या रविवारी गाडीत आम्ही नेहमीसारखेच बसलो. काका खिडकीपाशी. टपावर सायकली. कंडक्टर एक तरुण मुलगी होती. फाटा जवळ आल्यावर तिने नाव पुकारलं. त्या दिवशी तिथे उतरणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे गाडी हळू झाली नाही. काका स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. मी उभी राहिले आणि डोक्यावरची दोरी ओढली. एक बेल. गाडी थांबली.

"प्रवाशानं बेल मारायची नसती, मॅडम," काका खालच्या आवाजात म्हणाले. खरोखरच दुखावल्यासारखे.

"मग तुम्ही मारायची होती."

"कोणी मारली बेल?" कंडक्टर मुलगी मागून विचारत आली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले. "मी मारली," ते तिला म्हणाले. "डेपोचाच माणूस हाय. दोघं उतरणार." आणि एकदा उठलेल्या माणसाला भर गाडीत परत बसता येत नाही, म्हणून ते उतरले.

टपरीवर त्यांनी चहा घेतला नाही. घंटीही वाजवली नाही. नुसतेच निघाले. रस्ता सुरेख होता, हे मला त्या दिवशीही दिसत होतं आणि दिसतंय याचं थोडं वाईटही वाटत होतं. एका बाजूला टेकडीचा उतार, त्यावर पानं झडलेले पळस. दुसरीकडे खाली हरभऱ्याची रानं थेट ओढ्यापर्यंत गेलेली. एक नीलपंख तारेवरून उठून पुढच्या तारेवर बसत आमच्या पुढे पुढे चालला होता. काका खिडकीची सीट वगैरे काही म्हणाले नाहीत. एकदाच बोलले, "तवा ही गाडीवाट होती. पावसाळ्यात चिखल असायचा." गुडघा दुखत असावा, कारण ते उजव्या पायावर जोर देत नव्हते.

वेस आली. तिची एकच बाजू उभी होती. दुसरी उसाच्या ट्रॅक्टरांना आडवी येऊ लागल्यावर पाडून टाकलेली दिसत होती. उरलेल्या दगडी भिंतीला टेकून एक पंक्चरचं दुकान होतं. पत्रा, टायरांची माळ, हवेची मशीन. काका वेशीपाशी पोचले आणि सायकलवरून उतरले.

त्यांनी ते ठरवून केलं असं मला वाटत नाही. त्यांच्या अंगानेच ते केलं. हँडल दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून ते चालू लागले. मीही उतरले.

"पंक्चर हाय का, काका?"

पंक्चरवाला तरुण होता. मोबाइल खिशात घालत तो उठून पुढे आला.

"न्हाई," काका म्हणाले.

"मग हवा उतरली असंल. आणा इकडं." काकांच्या होकाराची वाट न बघता त्याने खाली बसून दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले. "हवा तर टाइट हाय."

"हाव."

"चेनबी नीट हाय." तो उठून उभा राहिला आणि त्याने अगदी सरळ विचारलं, "मग ढकलत कामून चाललाव?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. त्या मुलाच्या चेहऱ्यावर टिंगल नव्हती, कुतूहलही फारसं नव्हतं. सायकल हातात धरून चालायची जेवढी कारणं त्याला माहीत होती, तेवढी सगळी दुरुस्त करण्याचं त्याचं दुकान होतं. त्यापलीकडचं एखादं कारण असू शकतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"गाव कोणतं तुमचं?" त्याने विचारलं.

मी 'लातूर डेपो' या उत्तराची वाट बघत होते.

"हेच," काका म्हणाले.

"हेच? बघितलं न्हाई कधी तुमाला. कोणाचे तुम्ही?"

काकांनी वडिलांचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि जरा मोठ्याने, गर्दीच्या गाडीत फाट्याचं नाव सांगावं तसं. ते नाव मीही तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

मुलाने आठवून पाहिलं आणि मान हलवली. "मला न्हाई माहीत. आमचा आज्जा पारावर बसलाय, त्याला इचारा. त्याला समदी जुनी माणसं माहीत हायती." मग वळता वळता म्हणाला, "आन बसून जावा की. हवा हाय, चेन हाय, पायी कामून जाताव?"

काकांनी उजवा पाय टाकला. गुडघा वळला नाही, पाय सीटला लागून खाली आला. मी पुढे झाले, पण त्यांनी हाताने मला थोपवलं. दुसऱ्यांदा टाकला तेव्हा ते बसले. डावा पाय अजून जमिनीवर होता. त्यांनी घंटी दोनदा वाजवली आणि तो उचलला.

पार फार लांब नव्हता. काका हळू चालले होते, नेहमीपेक्षाही हळू, सायकल थोडी डगमगत होती. दारांतून माणसं बघत होती, तशी ती कोणत्याही गावात बघतात. एक बाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती, तिने हात थांबवला आणि पुन्हा सुरू केला. पाराला आता शहाबादी फरशी बसवली होती. लिंब जुनाच असावा. त्याखाली पाच-सहा म्हातारे ऐसपैस पसरले होते. त्यांतला पंक्चरवाल्याचा आज्जा कोणता ते मला ओळखता आलं नाही.

काकांनी एक घंटी मारली. उतरले. सायकल माझ्याकडे दिली.

"कोणाकडं आलाव?" एका म्हाताऱ्याने कपाळावर हात धरून विचारलं.

काकांनी त्याला उत्तर दिलं नाही. ते पाराला अगदी लागून उभे राहिले, आणि ज्या आवाजात घरी सोफ्याजवळ म्हणायचे, व्याह्यांना म्हणाले होते, त्याच आवाजात म्हणाले, "सरका जरा. आत सरका."

म्हाताऱ्यांनी पाय आवरले. टोपी, काठी, तंबाखूची चंची जवळ ओढून घेतली आणि एकेक करून आत सरकले. मधोमध जागा झाली. काका बसले.

मी दोन्ही सायकली लिंबाला टेकवल्या आणि चहा कुठे मिळतो ते बघायला गेले.